नाशिक जिल्ह्यात घराच्या छपराला उतार किती द्यावा? पहिल्यांदा बांधणाऱ्यांसाठी

इगतपुरीला वर्षाकाठी ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. नाशिक शहरात तो ७०० च्या आसपास असतो आणि येवला, नांदगाव, मालेगावकडे जेमतेम ५०० भरतो. सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या रस्त्यात पाऊस सहा पटींनी घटतो. म्हणूनच एकाच जिल्ह्यात घाटाकडे उभ्या पाख्यांची (छपराच्या उतरत्या बाजूंची) कौलारू घरं होती आणि मालेगाव-बागलाणकडे सपाट धाब्याची. आता दोन्हीकडे तोच स्लॅब आणि त्याच्यावर तीच पत्र्याची शेड दिसते. फॅब्रिकेटरही दोन्हीकडे एकच उतार देतो, कारण त्याच्या हाताला तो बसलेला असतो. गळती आणि उडालेले पत्रे यांची निम्मी गोष्ट इथंच सुरू होते.

उतार ठरवताना चार गोष्टी बघायच्या: पाऊस, वारा, ऊन आणि छपरावर घातलेला माल. त्यातली शेवटची गोष्ट लोक सगळ्यात उशिरा बघतात, खरं तर ती आधी यायला हवी.

आधी आपला पट्टा ओळखा

इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा हा झडीचा पट्टा. इथं पाऊस नुसता वरून पडत नाही, पश्चिम-नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि दिवसचे दिवस थांबत नाही. कौल, भिंत, लाकूड यांना वाळायला उसंत मिळत नाही. छपरावरून पाणी पटकन निघून जाणं आणि भिंती कोरड्या राहणं, ही इथली दोन कामं.

नाशिक शहर, दिंडोरी, निफाड, सिन्नर हा मधला पट्टा. एकूण पाऊस बेताचा, पण मे-जूनच्या वळवाला आणि परतीच्या पावसाला तासाभरात रस्ते तुंबवण्याइतका जोर असतो. शिवाय गारपीट होते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने द्राक्ष आणि कांद्याचं काय केलं ते शेतकऱ्यांना वेगळं सांगायला नको. गारेने सिमेंटचा पत्रा आणि जुनी कौलं फुटतात. धातूच्या पत्र्याला पोचे पडतात, पण सहसा पाणी आत येत नाही.

येवला, नांदगाव, मालेगाव, सटाण्याचा पूर्व भाग हा उन्हाचा पट्टा. पावसाचे दिवस मोजके आणि उन्हाळ्यात पारा ४२-४३ च्या घरात. इथं छपराने पाण्यापेक्षा उन्हाशी जास्त लढायचं असतं. जाड मातीचं धाबं दिवसभराचं ऊन पोटात घेऊन घर थंड ठेवायचं, ते याच हिशोबाने.

उतार मोजायची भाषा

इंजिनिअर अंश सांगतात, मिस्त्री फुटाला इंच. साइटवर मिस्त्रीचीच भाषा चालते, म्हणून हा तक्ता वहीत लिहून ठेवा. आडवं एक फूट गेल्यावर छप्पर किती इंच चढतं, तो उतार:

फुटाला १ इंच = सुमारे ५ अंश
फुटाला २ इंच = साडेनऊ अंश
फुटाला ३ इंच = १४ अंश
फुटाला ४ इंच = साडेअठरा अंश
फुटाला ६ इंच = साडेसव्वीस अंश
फुटाला ७ इंच = ३० अंश
फुटाला ८ इंच = पावणेचौतीस अंश
फुटाला १२ इंच = ४५ अंश

स्लॅबच्या ढाळाला इंच फार मोठा पडतो, तिथं सूत वापरतात. आठ सुतांचा एक इंच. फुटाला एक सूत म्हणजे जवळजवळ शंभराला एक.

माल ठरवा, मग उतार

प्रत्येक मालाचा एक किमान उतार असतो, त्याच्या खाली तो गळणारच. गवताचं छप्पर असेल तर फुटाला १२ इंच. गवत पाणी अडवत नाही, काडीकाडीवरून खाली सोडतं. उतार कमी झाला की पाणी आत मुरतं आणि गवत दोन पावसाळ्यांत कुजतं.

नळीची देशी कौलं नुसती ठेवलेली असतात, त्यांना मागे आकडा नसतो. त्यामुळे त्यांना दोन्हीकडून मर्यादा आहे. फुटाला ६ इंचांच्या खाली गळतात आणि ७-८ च्या वर घसरायला लागतात. दरवर्षी मेमध्ये कौलं फेरायची पद्धत पडली ती याच घसरण्यामुळे, आणि मांजर-माकडांमुळे. त्र्यंबक, अंजनेरी, वणीकडे माकडांचा त्रास इतका असतो की नवं घर बांधताना कौलाखाली पत्रा किंवा फळ्या घालून ठेवणंच शहाणपणाचं.

मंगलोरी कौलाला मागून आकडा असतो, तो रिपेवर (वाशांवरच्या आडव्या पट्टीवर) अडकतो. किमान फुटाला ६ इंच. इगतपुरी-पेठकडे ७ ते ८ द्या. नाशिक शहरात ६ पुरे.

सिमेंटच्या पन्हाळी पत्र्याला ४ इंच धरा. धातूच्या पत्र्याला, साधा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) असो की रंगीत प्रोफाइल शीट, कंपन्या फुटाला एक-दीड इंचही चालतो म्हणतात. सलग एका लांबीचा पत्रा असेल आणि मध्ये जोड नसेल तर ते खरंही आहे. जोड आला की हिशोब बदलतो, आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

वरचा पत्रा खालच्यावर ६ इंच चढवला आहे असं समजा. उतार फुटाला २ इंच असेल तर त्या ६ इंचांत छप्पर उभ्याने फक्त १ इंच चढतं. म्हणजे पाणी उलटं वर सरकून जोडातून आत यायला त्याला एक इंचच चढायचं आहे. ताशी ७० किलोमीटरच्या झोताचा दाब साधारण २३-२४ मिलिमीटर पाण्याच्या उंचीइतका असतो, म्हणजे जवळजवळ तोच एक इंच. उतार ४ इंच केला की त्याच जोडात पाण्याला जवळजवळ दोन इंच चढावं लागतं आणि तेवढ्यासाठी ताशी १०० किलोमीटरचा वारा लागेल. हिशोब ढोबळ आहे, पण ‘पत्रा नवा, स्क्रू नवे, तरी गळतं’ याचं उत्तर बहुतेक वेळा हेच निघतं. उतार वाढवणं शक्यच नसेल तर जोड ९ इंचांचा करा आणि मध्ये सीलंट टेपच्या दोन पट्ट्या घाला.

आढ्याची उंची आणि वाशाची लांबी काढणे

उदाहरण घेऊ. घर बाहेरून बाहेर २० फूट रुंद, ३० फूट लांब, दोनपाखी, आढं (छपराचा सगळ्यात उंच माथा) मधोमध, मंगलोरी कौल, उतार फुटाला ६ इंच.

१. अर्धी रुंदी १० फूट. १० गुणिले ६ म्हणजे ६० इंच. आढं भिंतीच्या माथ्यापासून ५ फूट वर येईल.

२. तिरकी लांबी काढायला आडव्या मापाला गुणक लावा. ४ इंचांच्या उताराला १.०५, ६ इंचांच्या उताराला १.१२, ८ इंचांच्या उताराला १.२०, १२ इंचांच्या उताराला १.४१. आपलं माप १० फूट अधिक वळचणीला (भिंतीबाहेर येणाऱ्या छपराच्या कडेला) काढलेले अडीच फूट, म्हणजे साडेबारा. गुणिले १.१२ म्हणजे १४ फूट. वासा कापताना वरच्या तिरक्या छेदासाठी अर्धा फूट जास्त घ्या.

३. दोन्ही टोकांना एकेक फूट बाहेर धरून लांबी ३२ फूट. एक पाखं १४ गुणिले ३२ म्हणजे ४४८ चौरस फूट, दोन्ही मिळून सुमारे ९००.

४. मंगलोरी कौलं चौरस फुटाला दीडच्या हिशोबाने १३५०. वाहतुकीत आणि छाटकामात फुटणारी धरून १४५० मागवा. कौल अडीच किलोचं धरलं तर छपरावर साडेतीन टनांच्या आसपास वजन येतं, आणि ओलं कौल त्याहून जड. म्हणून पत्र्यासाठी केलेल्या बारीक पाइपच्या सांगाड्यावर ‘नंतर कौल टाकू’ म्हणणं धोक्याचं.

५. रिपांचं अंतर पुस्तकातून घेऊ नका, आलेल्या मालावरून घ्या. दहा-अकरा कौलं जमिनीवर पालथी एकमेकांत अडकवा. आधी सगळी ओढून ताणून पहिल्या आकड्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत माप घ्या, मग सगळी आत ढकलून घ्या. दोन्हींची सरासरी काढून कौलांच्या संख्येपेक्षा एक कमी आकड्याने भागा. साधारण साडेबारा इंचांच्या जवळ येतं, पण भट्टी बदलली की अर्धा इंच इकडेतिकडे होतो. १३-१४ ओळींमध्ये तो अर्धा इंच अर्ध्या फुटावर जातो आणि शेवटची ओळ आढ्याशी बसत नाही.

उतार सगळीकडे सारखा ठेवण्यासाठी प्लायवुडचा एक काटकोनी तुकडा करून घ्या: आडवी बाजू दोन फूट, उभी बाजू एक फूट. त्याच्या आडव्या बाजूवर लेव्हल ठेवून प्रत्येक वासा तपासा. वासे चढवण्याआधी भिंतीच्या माथ्याचे दोन्ही कर्ण मोजा. वीस-तीस फुटांच्या घरात दोघांत अर्ध्या इंचाहून जास्त फरक निघाला तर तो आधी भिंतीवरच्या पट्टीत दुरुस्त करा. कौलाच्या ओळी तिरक्या जायला लागल्यावर काही करता येत नाही.

वारा: शेडवाल्यांनी हे दोनदा वाचा

पाऊस म्हणतो उतार वाढवा. वाऱ्याचं गणित तसं सरळ नाही.

वारा छपराला दाबतो असं आपण समजतो. कमी उताराच्या छपराला तो दाबत नाही, वर ओढतो. भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात बुटक्या घरांसाठी जे आकडे आहेत, ते वाऱ्याकडच्या पाख्याबद्दल असं सांगतात: सपाट छपराला ओढ वाऱ्याच्या दाबाच्या ०.८ पट, दहा अंशांला १.२, वीस अंशांला ०.४, तीस अंशांला शून्य, आणि ४५ अंशांला उलट ०.३ चा दाब. म्हणजे सगळ्यात वाईट उतार दहा अंशांच्या आसपासचा. वरचा तक्ता पाहा: दहा अंश म्हणजे फुटाला २ इंच. नाशिकमध्ये टेरेसवर जी शेड ठोकली जाते तिचा उतार बहुतेक हाच असतो.

आता आकडे घाला. याच मानकात नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. त्याचा दाब चौरस फुटाला साधारण साडेआठ किलो होतो. त्याला १.२ ने गुणा, दहा किलो वर ओढ. शेड एका बाजूने उघडी असेल तर वारा आत शिरून खालूनही ढकलतो. दोन्ही मिळून पंधरा किलोच्या घरात जातं. २० बाय ३० च्या शेडचं वाऱ्याकडचं पाखं ३०० चौरस फूट, म्हणजे साडेचार टन वरच्या दिशेने. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचं वजन चौरस फुटाला सुमारे अर्धा किलो. पाइप धरून दोन किलो समजा. बाकी सगळं बोल्ट आणि स्क्रू यांनी धरायचं आहे.

म्हणून:

शेडचा उतार फुटाला ४ इंच करा. आढ्याची उंची वाढते, पाइप थोडे जास्त लागतात, पण पाख्याच्या वरची ओढ निम्म्याहून कमी होते आणि गळतीही मिटते. एवढा मोठा फायदा इतक्या कमी पैशात छपराच्या दुसऱ्या कुठल्याही दुरुस्तीत मिळत नाही.

खांब कठड्याच्या विटांवर उभे करू नका. खाली आरसीसी कॉलम किंवा बीम असेल तिथंच ८ बाय ८ इंचांची, ८ मिलिमीटर जाडीची पाटी ठेवून १२ मिलिमीटरचे चार अँकर बोल्ट घ्या. स्लॅबवरच्या कोब्यात (विटांचे तुकडे आणि मसाला यांच्या थरात) धरलेला बोल्ट कोब्यासकट उपटून येतो, त्यामुळे अँकर कोबा फोडून काँक्रीटमध्येच जायला हवा.

अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याला पर्लिन (पत्रा ज्यावर ठोकतात ते आडवे पाइप) ४ फुटांवर, आणि वळचणीकडचं व आढ्याकडचं पहिलं अंतर ३ फूट. मधल्या पर्लिनवर एकाआड एक पन्हाळीला स्क्रू चालतो. वळचण, आढं आणि दोन्ही टोकं इथं मात्र प्रत्येक पन्हाळीला हवा. वारा पत्रा मधून उचलत नाही, कडेने सोलतो.

पन्हाळी पत्र्याला स्क्रू माथ्यावर मारा, खोलगटात नाही, कारण खोलगटातून पाणी वाहतं. वॉशर ईपीडीएम रबराचा घ्या. ड्रिलने इतकं आवळू नका की रबर चपटं होऊन बाहेर फाकेल. तसं आवळलेलं रबर दोन उन्हाळ्यांत तडकतं आणि पुढच्या पावसात नेमकी तिथं धार लागते.

पत्रे कुठून बसवायला सुरुवात करायची यालाही नियम आहे. पावसाळी वारा येतो त्याच्या विरुद्ध टोकापासून. आढं पूर्व-पश्चिम असेल तर पूर्वेकडून सुरू करून पश्चिमेला जा. मग प्रत्येक आडव्या जोडाची उघडी कड वाऱ्याकडे पाठ करून राहते. आढं उत्तर-दक्षिण असेल तर उत्तरेकडून सुरू करा. मजूर जिथं शिडी लावली असेल तिथूनच सुरुवात करतात, तेव्हा उभं राहून सांगा. कठड्याच्या वर शेड चढवण्याआधी महापालिकेची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी लागते का, तेही विचारून घ्या.

कांदाचाळीला हेच सगळं जास्त लागू पडतं, कारण चाळ मुद्दाम चारही बाजूंनी हवेशीर ठेवलेली असते आणि उघड्या माळावर असते. उतार ४ इंच आणि वळचण ३ फूट बाहेर, म्हणजे तिरका पाऊस कांद्यापर्यंत पोचत नाही. सिमेंटचा पत्रा आतून कमी तापतो म्हणून चाळीला तो बरा. गारपिटीत फुटण्याची जोखीम मात्र पत्करावी लागते. प्रत्येक खांब आणि कैची (छपराचा त्रिकोणी सांगाडा) यांचा सांधा नुसत्या खिळ्यावर न ठेवता लोखंडी पट्टी आणि बोल्टने बांधा.

मंगलोरी कौलाच्या मागच्या आकड्याला बारीक भोक असतं, ते तार ओवण्यासाठी. सगळं छप्पर बांधायची गरज नाही. वळचणीच्या खालच्या दोन ओळी, आढ्याजवळची एक आणि टोकाकडची दोन-दोन कौलं जीआय तारेने रिपेला बांधून टाका. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीकडे जी छपरं गेली, तसा वारा नाशकात क्वचित येईल. पण वळवाच्या वावटळीलाही कडेची कौलं सैल मिळाली की पुरतात.

सपाट स्लॅब: तोही सपाट नसतो

स्लॅबला फुटाला एक सूत ढाळ हवा, आणि तो कोब्यातून द्यायचा. वरच्या टाइलच्या मसाल्यात ढाळ काढला तर टाइलवरचं पाणी जातं, पण खाली मुरलेलं सपाट कोब्यावर बसून राहतं.

मोठी चूक होते पाइपच्या जागेत. २० बाय ३० च्या गच्चीला एका कोपऱ्यात एकच पाइप दिला तर सगळ्यात लांबचा कोपरा ३६ फुटांवर येतो. ३६ सूत म्हणजे साडेचार इंच चढ. पाइपपाशी कोबा अडीच-तीन इंच धरला तर त्या टोकाला तो सात इंचांच्या वर जातो. सरासरी पाच इंच कोब्याचं वजन चौरस फुटाला २२ किलोच्या आसपास, म्हणजे ६०० फुटांवर १३ टन. एवढं वजन टाळण्यासाठी मिस्त्री गुपचूप ढाळ कमी करतो आणि गच्चीवर तळं होतं. उपाय सोपा आहे. २० फुटांच्या दोन्ही बाजूंच्या मध्यावर एकेक पाइप द्या. लांबचा बिंदू १८ फुटांवर येतो आणि चढ सव्वादोन इंचांवर. पाण्याच्या दृष्टीनेही तेच बरोबर, कारण ४ इंची पाइपला ४००-४५० चौरस फुटांहून जास्त गच्ची देऊ नये.

क्रम असा: स्लॅब खरवडून धुवा, तडे भरा, सिमेंटचं पाणी पाजा. दोरी आणि पाण्याच्या नळीने लेव्हल घेऊन दर पाच फुटांवर सिमेंटचे ठिपके द्या, ढाळ त्यांच्यावरच ठरतो. विटांचे तुकडे रात्रभर भिजवून उभे लावा, फटी एकाला चार मसाल्याने आणि वॉटरप्रूफिंग पावडर घालून भरा. कठड्याला लागून कोबा काटकोनात संपवू नका. कोपऱ्याला गोलाई देऊन तो भिंतीवर ९ इंचांपर्यंत चढवा, स्लॅबची गळती निम्म्या वेळा या सांध्यातूनच असते. सात दिवस पाणी मारा, मग पाइप बोळा घालून बंद करून दोन-तीन दिवस पाणी साठवून खालून छत बघा. ही चाचणी मिस्त्रीचे पैसे चुकते करण्याआधी.

इगतपुरी-पेठकडे स्लॅब घातलाच तर त्यावर उतरतं छप्पर घ्या. तिकडे चार महिने कोबा वाळत नाही आणि नुसत्या वॉटरप्रूफिंगच्या भरवशावर राहणं परवडत नाही. उलट मालेगाव-येवल्याकडे चांगला ढाळ दिलेला स्लॅबच योग्य. उन्हाळ्यात झोपायला, कुरडया-पापड वाळवायला गच्ची लागते, आणि वर पांढऱ्या चायना मोझॅकचा (टाइलच्या तुकड्यांचा) थर दिला तर ऊन बरंच परतवलं जातं. तिकडे शोभेसाठी कौलारू पाखं काढण्यात अर्थ नाही.

ऊन आणि दिशा

नाशिक २० अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, तेव्हा सपाट छप्पर सर्वांत जास्त ऊन खातं. उतरत्या छपराचा फायदा उतारापेक्षा त्याखालच्या हवेतून मिळतो: पोटमाळा किंवा छत असेल, आणि आढ्याजवळ दोन्ही त्रिकोणी भिंतींत जाळी असेल, तर तापलेली हवा निघून जाते. जाळीशिवाय छत बंद केलं तर वर भट्टी साठते. जाळीला आतून मच्छरजाळी लावा, नाहीतर वटवाघळं वस्तीला येतात.

शक्य असेल तर आढं पूर्व-पश्चिम ठेवा. पश्चिमेकडे तोंड असलेलं मोठं पाखं दुपारभर तापतं. पूर्व-पश्चिम आढ्याचा आणखी एक लाभ: दक्षिणेकडचं पाखं सोलर पॅनलला मिळतं. आपल्याकडे पॅनलला साधारण २० अंश कल लागतो, म्हणजे फुटाला सव्वाचार-साडेचार इंच. ४ इंच उताराच्या पत्र्यावर पॅनल वेगळ्या घोड्यांशिवाय (स्टँडशिवाय) सरळ बसतं.

वळचण, पन्हळ आणि घळ

झडीच्या पट्ट्यात वळचण किमान अडीच फूट, मातीची भिंत असेल तर तीन. नाशिक शहरात दीड-दोन फूट चालते. त्रिकोणी भिंत पश्चिमेला येत असेल तर ती झडीने भिजतेच, तिथं चौपाखी छप्पर करा किंवा त्या बाजूला पडवी उतरवा.

पन्हळीला (वळचणीखाली पाणी झेलणाऱ्या नळीला) दहा फुटांना अर्धा ते पाऊण इंच ढाळ पुरतो. जास्त दिला तर एका टोकाला ती कौलापासून इतकी खाली जाते की पागोळ्या तिला ओलांडून पडतात. उतरत्या छपराच्या भोवती दिसायला नीट म्हणून कठडा उभारून आत लपवलेली पन्हळ करू नका. पिंपळाच्या चार पानांनी ती तुंबते आणि पाणी घराच्या आत ओसंडतं.

एल आकाराच्या घरात दोन पाखी मिळतात तिथं घळ येते. तिचा उतार पाख्यापेक्षा नेहमीच कमी असतो: पाख्यांना फुटाला ६ इंच असतील तर घळीला सव्वाचारच मिळतात, आणि पाणी मात्र दोन पाख्यांचं. घळीतला पत्रा दीड फूट रुंद, एका तुकड्यात, आणि दोन्ही कडा कौलाखाली उलट्या वळवलेल्या. त्यात स्क्रू नाही, खिळा नाही. नवीन माणसाला खरा सल्ला म्हणजे घराचा आराखडा सरळ आयताकृती ठेवा आणि घळ टाळा.

पाणी साठवायचं असेल तर छपराच्या तिरक्या क्षेत्राचा नाही, जमिनीवरच्या सावलीचा हिशोब धरा. १००० चौरस फुटांवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ९३०० लिटर. नाशिक शहरात वर्षाला ६५ हजार लिटरच्या आसपास पडतं, इगतपुरीत पावणेतीन लाखांच्या वर.

डोंगराकडची छपरं पाहून मोहात पडू नका

इगतपुरीच्या फार्महाउसवर अलीकडे जमिनीपर्यंत येणारी उभी तिकोनी छपरं दिसतात. ती बर्फाच्या मुलखातली. बर्फाचं वजन ३० अंशांपर्यंत छपरावर पूर्ण धरतात, त्यापुढे ते घटत जातं आणि ६० अंशांला शून्य मानतात, कारण बर्फ घसरून जातो. सिमला-मनालीला उभा पत्रा लागतो तो यासाठी. त्याच हिमालयात लडाखला पाऊस नावापुरताच, म्हणून तिथली जुनी घरं सपाट मातीच्या छपरांची, आपल्या धाब्याच्या जातीची. इगतपुरीला बर्फ नाही. ६० अंशांच्या छपराला खालच्या जागेच्या दुप्पट माल लागतो, प्रत्येक कौल स्क्रूने धरावं लागतं, आणि वारा मोठ्या भिंतीवर यावा तसा त्यावर दाबतो. गवताचं छप्पर सोडलं तर फुटाला ८ इंचांच्या वर जायचं काहीच कारण या जिल्ह्यात नाही.

कामाची वेळ आणि शेवटची तपासणी

छपराचं काम एप्रिलअखेर संपवा. मेमध्ये वळीव कधीही येतो आणि अर्धवट ठोकलेले पत्रेच सगळ्यात आधी उडतात. रोज संध्याकाळी काम थांबवताना शेवटच्या पत्र्याच्या चारही कडा पक्क्या करून घ्या, सुटे पत्रे वर ठेवू नका.

काम संपलं की छपरावर पाइपने पाणी सोडा, पण वरून खाली नाही. आधी वळचणीच्या ओळीवर दहा मिनिटं, मग एकेक ओळ वर सरकत. असं केलं तर गळती दिसली त्या क्षणी कुठल्या ओळीत आहे ते कळतं. वरून सोडलेलं पाणी तीन फूट खाली जाऊन भलत्याच ठिकाणी टपकतं आणि तुम्ही तिथंच सीलंट भरत बसता. घरात एकाने टॉर्च घेऊन उभं राहायचं, वासे आणि रिपांच्या बाजूंवर नजर ठेवायची, आणि ओल दिसली की खडूने खूण करायची.